सराव की युद्ध, हे ओळखायचं कुणी?

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आपल्या बैठकांमधून दोन वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू आली. एक, ‘युद्धबिद्ध हा आपला विषय नाही, आपण आपलं काम करू.’ दुसरं, ‘आत्ता वेळ नाही, देशावर प्रसंग आहे, मागण्यांचं पुढे बघू.’ ही वाक्यं बोलणाऱ्या मैत्रिणी माझ्याच आहेत. काहीजणी तर मी शाळेत होते तेव्हापासून वस्त्यांमधून काम करताहेत. तरीही मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे. दिसायला ती एकमेकींच्या उलट आहेत, पण आहेत एकाच घरची. शेजारच्या देशाने फौजा हलवल्या, तोफा डागून पाहिल्या, तर त्याचा अर्थ लावायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि आपण तो अर्थ निमूट घ्यायचा, हे दोन्हींत आधीच मान्य केलेलं आहे.

माझं म्हणणं असं की सराव की युद्ध हे ओळखायला आपण शिकलं पाहिजे. अंदाज चुकला तर किंमत आपल्याच वस्तीत वसूल होते, आणि बरोबर आला तरी तिथेच होते.

आधी त्या आठवड्याचा क्रम पाहू. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. १ मे ला पाकिस्तानी लष्कराने झेलमजवळच्या टिल्ला इथल्या मैदानावर ‘हॅमर स्ट्राइक’ नावाचा सराव केला, लष्करप्रमुख असीम मुनीर स्वतः तिथे हजर होते. ३ मे ला ४५० किलोमीटर पल्ल्याच्या ‘अब्दाली’ क्षेपणास्त्राची चाचणी झाली. ५ मे ला आपल्या गृहमंत्रालयाने आदेश काढला की ७ मे ला देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत मॉक ड्रिल घ्यायचं. महाराष्ट्राच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर पहिल्या वर्गात होते. दुसऱ्या वर्गात पुणे, ठाणे, नाशिक, मनमाड, सिन्नर यांच्या रांगेत पिंपरी-चिंचवडचं नाव होतं.

झालं! ज्या पट्ट्यात मी काम करते तिथे हे नाव वाऱ्यासारखं फिरलं. ‘यादीत नाव आहे म्हणजे बॉम्ब पडणार.’ नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांतून पत्र्याच्या खोल्यांच्या लायनी आहेत. एकेका खोलीत चार-पाच मुली, नाहीतर मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेलं एक कुटुंब. तिथे दोन दिवसांत तेल, मीठ, गव्हाचं पीठ भरून ठेवायची धांदल उडाली. दुकानदाराने उधारी बंद केली. एका बचत गटातल्या बायका शिल्लक वाटून टाका म्हणून अडून बसल्या, कारण नवरे घरी सांगत होते की बँका बंद होणार. आणि एका ठेकेदाराकडे दोन महिन्यांचा ओव्हरटाइम मागायला गेलेल्या बायकांना उत्तर मिळालं, ‘तिकडे जवान उपाशी लढतोय आणि तुम्हाला पैशाचं सुचतंय?’ जवान त्या दिवशी कुठेही लढत नव्हता. लढाई अजून सुरूच झाली नव्हती! पण ठेकेदारापुरतं युद्ध पेटलेलं होतं, आणि त्यात त्याचा पहिला विजयही झाला होता.

आम्ही ठेका कामगार बायकांचा मोर्चा ८ मे ला ठरवला होता. कामगार अधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं होतं. प्रॉव्हिडंट फंड पगारातून कापला जातो पण खात्यात भरला जात नाही, पाळीच्या दिवसांतही लायनीवरून बाहेर जायला परवानगी लागते, हे विषय होते. संयुक्त समितीने ५ तारखेलाच तो पुढे ढकलला. पोलिसांनी परवानगी नाकारायच्या आत आपणच नाकारली. मी विरोधात मत दिलं, ते नोंदवहीत आहे.

आता गंमत पाहा. हवाई दलाचा राजस्थानच्या सीमेवर ७ आणि ८ मे ला सराव आहे, अशी वैमानिकांसाठीची रीतसर सूचना आपल्या सरकारने काढली होती. मॉक ड्रिल ७ तारखेला दुपारी चारला होतं. आणि ७ तारखेच्या पहाटे, एक वाजून गेल्यावर, ऑपरेशन सिंदूर झालं. म्हणजे सरावाची तारीख जाहीर होती आणि खरी कारवाई त्याच्या आदल्या रात्री! आम्ही शेजाऱ्याच्या सरावाकडे डोळे लावून बसलो होतो आणि उत्तर आपल्याच घरात होतं. लष्कराने ते गुप्त ठेवलं याबद्दल माझी तक्रार नाही, ते गुप्तच ठेवणार. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. टीव्हीवरचा रणगाडा पाहून आपण मोर्चा रद्द करतो, तेव्हा आपण नेमकं काय पाहून निर्णय घेतला?

शेजाऱ्याचा सराव पाहून युद्धाचा अंदाज बांधणं किती अवघड आहे याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशाने दिलेलं आहे, आणि तिथे सराव करणारे आपण होतो, घाबरणारे ते. १९८६ च्या नोव्हेंबरपासून १९८७ च्या मार्चपर्यंत राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ नावाचा सराव चालला. लष्करप्रमुख जनरल सुंदरजी यांची ती कल्पना. काही लाख सैनिक, रणगाड्यांचे ताफे, खास रेल्वेगाड्या. स्वतंत्र भारतात एवढा मोठा सराव त्याआधी झाला नव्हता. हा सराव किती मोठा आहे, कुठल्या दिशेने आहे, कधी संपेल, हे पाकिस्तानला धडपणे सांगितलं गेलं नाही. पाकिस्तानचेही त्याच हिवाळ्यात सराव चालू होते. ते डिसेंबरात संपले, पण त्यांच्या राखीव फौजा बराकीत परतल्या नाहीत. जानेवारीत त्या पंजाबच्या सीमेकडे सरकल्या. आपल्याकडे तेव्हा पंजाब पेटलेला. दिल्लीला वाटलं, ते हल्ला करणार. इस्लामाबादला आधीपासूनच वाटत होतं, सरावाच्या नावाखाली भारत हल्ला करणार. २३ जानेवारी १९८७ च्या सुमारास आपण विमानांनी सैन्य पंजाबात नेऊन उतरवलं. दोन्ही बाजूंना खरोखर युद्ध नको होतं, आणि दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या! शेवटी लष्करी अधिकाऱ्यांचे फोन, दिल्लीत परराष्ट्र खात्यांच्या वाटाघाटी, ४ फेब्रुवारीला करार, आणि त्याच महिन्यात जनरल झिया जयपूरला क्रिकेट पाहायला आले.

ब्रासटॅक्सवरून बहुतेक लोक झियांच्या क्रिकेटची गोष्ट सांगतात आणि हसतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. फौजा किती आहेत यावरून काहीच ठरत नव्हतं. ठरत होतं ते यावरून, की सराव संपल्यावर त्या घरी गेल्या का. त्यांच्याबरोबर खरा दारूगोळा होता की नाही. आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला आधी कळवलं होतं का.

याच्या उलटचं उदाहरणही आहे. १९८९ च्या डिसेंबरात पाकिस्तानने ‘झर्ब-ए-मोमिन’ हा त्यांचा तोवरचा सगळ्यात मोठा सराव केला, सुमारे दोन लाख सैनिकांचा. लष्करप्रमुख मिर्झा अस्लम बेग यांनी तो आधी जाहीर केला, पत्रकारांना बोलावून दाखवला. आव मोठा होता, भाषा आक्रमक होती, पण त्यातून युद्ध आलं नाही. जो सराव पत्रकारांना बोलावून दाखवला जातो, तो बहुतेक वेळा दाखवण्यासाठीच असतो. टिल्लाच्या मैदानावरची ती चित्रं आपल्यापर्यंत आली कशी, हा प्रश्न आपल्या बैठकीत कुणी विचारला होता का? ती काही आपल्या हेरांनी चोरून आणलेली नव्हती. पाकिस्तानी लष्कराच्याच प्रसिद्धी विभागाने ती वाटलेली होती.

या अनुभवांतून दोन्ही देश थोडे शहाणे झाले. ६ एप्रिल १९९१ ला नवी दिल्लीत भारत-पाकिस्तानने एक करार केला. मोठे सराव आणि सैन्याच्या हालचाली एकमेकांना आधी लेखी कळवायच्या. हवाई सराव असेल तर १५ दिवस आधी, लष्कराच्या एका डिव्हिजनचा असेल तर ३० दिवस, कोअरचा असेल तर ६०, त्याहून मोठा असेल तर ९० दिवस. सीमेच्या ठरावीक अंतरात सराव घ्यायचाच झाला तर त्याचा मुख्य रोख दुसऱ्या देशाकडे नको, आणि सीमेजवळ रसद साठवायची नाही. चीनशीही २९ नोव्हेंबर १९९६ ला असाच करार झाला. प्रत्यक्ष ताबारेषेजवळ एका डिव्हिजनपेक्षा, म्हणजे सुमारे १५,००० पेक्षा, जास्त सैनिकांचे सराव टाळायचे, आणि ५,००० पेक्षा जास्त असले तर आधी कळवायचं.

‘रसद’ हा शब्द त्या करारात आहे हे लक्षात घ्या. करार लिहिणाऱ्या पुरुषांनाही ठाऊक होतं की रणगाड्याचं तोंड कुठे आहे यापेक्षा धान्य, इंधन, औषधं, पाणी कुठे साठतंय यावरून मनातलं कळतं. मैत्रिणींनो, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? शेजारच्या घरी लग्न आहे की नुसता पाहण्याचा कार्यक्रम, हे मांडवावरून कळत नाही. किती शेर तांदूळ निवडायला घेतलाय यावरून कळतं. नवरा गावाला चाललाय की घर सोडून, हे तो काय बोलतो यावरून नाही, पिशवीत काय भरतो यावरून कळतं. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला वस्तीची पाहणी शिकवली तेव्हा पहिला धडा हाच होता: काय सांगितलं जातं ते लिहा, पण चुलीकडे बघा.

जगातल्या दोन मोठ्या प्रसंगांत हेच खरं ठरलं. १९७३ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याच्या काठावर सराव चालवला होता. तसे सराव ते दर वर्षी करत. त्याच वर्षी मे महिन्यात इस्रायलने अशाच हालचाली पाहून सैन्य गोळा केलं होतं, बराच खर्च झाला होता आणि युद्ध आलं नव्हतं. त्यामुळे ऑक्टोबरात त्यांच्या हेरखात्याने ठरवून टाकलं की हाही सरावच. पण ४ ऑक्टोबरच्या रात्रीपासून इजिप्त आणि सीरियात राहणाऱ्या रशियन सल्लागारांच्या बायकामुलांना घाईघाईने विमानात बसवून मायदेशी पाठवलं जाऊ लागलं. सरावासाठी कुणी बायकामुलं हलवत नाही! ही बातमी इस्रायलच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचली, त्यांना ती विचित्रही वाटली, तरी त्यांनी आपलं मत बदललं नाही. ६ ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं.

दुसरा प्रसंग २०२२ चा. रशिया आणि बेलारूस यांचा संयुक्त सराव १० ते २० फेब्रुवारी असा जाहीर होता. जगभरचे तज्ज्ञ वाद घालत होते, पुतिन धमकावतोय की खरंच घुसणार. जानेवारीच्या अखेरीस बातमी आली होती की युक्रेनच्या सीमेजवळ जखमींसाठी रक्ताचा साठा पोचवलाय. रक्त फार दिवस टिकत नाही, हे ज्या बाईने रक्तपेढीच्या दारात बाळंतीण मुलीसाठी रात्र काढली आहे तिला विचारा. नुसत्या धाकासाठी कुणी रक्त नासवत नाही. २० तारखेला सराव संपायच्या दिवशी बेलारूसने जाहीर केलं की तो आणखी चालू राहील. २४ तारखेला हल्ला झाला.

सरावाच्या फौजा परतल्या नाहीत की काय होतं, हे आपल्याला २०२० मध्येही दिसलं होतं. आपण टाळेबंदीत होतो, आपला त्या भागातला उन्हाळी सराव कोरोनामुळे पुढे गेला होता. तिबेटच्या पठारावर नेहमीच्या सरावासाठी आलेल्या चिनी फौजा लडाखच्या ताबारेषेकडे वळल्या. ५ मे ला पँगाँग तळ्याकाठी झटापट झाली आणि १५ जूनला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. १९९६ चा करार कागदावर तसाच होता.

गलवान दूर लडाखमध्ये, पण त्याचं एक टोक आपल्या तळेगावात आहे. त्याच दिवशी, १५ जून २०२० ला, महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीशी ३,७७० कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला होता, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेऊन तिथे गाड्या बनवायच्या म्हणून. आणखी दोन चिनी गुंतवणुका मिळून आकडा ५,०२० कोटी होता. आठवड्याभरात ते सगळं थांबवलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सचं उत्पादन बंद झालं, २०२२ मध्ये चिनी कंपनीशी व्यवहार मोडला, २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेतला. मधल्या काळात हजाराहून जास्त कामगार आणि त्यांची घरं कोर्ट आणि उपोषणाच्या मांडवात. सगळा दोष गलवानचा, असं मी म्हणत नाही. जनरल मोटर्सने भारतातली विक्री २०१७ मध्येच बंद केली होती आणि जाणारी कंपनी जाणारच होती. पण एका शेजाऱ्याने सराव करता करता वळण घेतलं आणि इथल्या हजार घरांतल्या बायकांनी पाच वर्षं शाळेची फी कशी भरायची याचा हिशोब मांडला, हे खरं आहे. त्या बायकांपैकी किती जणींना तेव्हा कुणी सांगितलं की तुमच्या घरातल्या या गोष्टीचा तिकडच्या त्या गोष्टीशी संबंध आहे?

आणि युद्ध न होताही माणसं मरतात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ पासून दहा महिने आपलं सैन्य सीमेवर उभं होतं. ऑपरेशन पराक्रम. युद्ध झालं नाही. त्या काळात गेलेल्या जवानांचा संसदेत सांगितला गेलेला आकडा ७९८ आहे. सुरुंग पेरताना, काढताना, अपघातांत, चकमकींत. आपल्या मावळ, खेड, जुन्नर, साताऱ्याच्या घरांतून फौजेत जाणारी मुलं थोडी नाहीत, म्हणून हा आकडा मी इथे लिहिते आहे.

याच घरांतली एक मावशी मला ४ मे च्या सुमारास भेटली. खेड तालुक्यातली, चाकणला एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते. म्हणाली, ‘ताई, टीव्हीचं मला काय सांगू नका. पोराची सुट्टी मंजूर झालेली, घरात लग्न हाय, आणि काल त्याचा फोन आला का सुट्टी रद्द. म्हणला, आई, आता मी फोन नाय करायचो, तू बी करू नको.’ एवढंच. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत एक लहानशी बातमी होती की चंद्रपूर आणि जबलपूरच्या दारूगोळा कारखान्यांतल्या लांब सुट्ट्या रद्द केल्या आहेत. ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीचे हे कारखाने, तिचेच कारखाने आपल्या खडकीत आणि देहूरोडला आहेत, आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. त्या कॉलन्यांत राहणाऱ्या बायकांना सुट्टी रद्द होणं म्हणजे काय हे कळत नाही असं कुणाला वाटतं? मावशीच्या त्या फोनमध्ये टिल्लाच्या सगळ्या चित्रांपेक्षा जास्त माहिती होती. पण आपल्या समितीत चर्चा झाली ती चित्रांची.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्यावर आरोप होईल. जवानाची आई काय म्हणाली, कुठली तुकडी कुठे गेली, हे गावभर सांगत फिरा असं मी म्हणत नाही. उलट ते बोलूच नये. वर छापलेलं वाक्यही आज, सगळं होऊन गेल्यावर, मावशीला विचारून आणि ओळख पुसून छापते आहे. माझं म्हणणं निर्णय घेण्याबद्दल आहे. आपल्या घराघरांत जे कळतं ते ‘बायकांची बडबड’ आणि स्टुडिओत नकाशावर छडी फिरवणारा निवृत्त अधिकारी सांगतो ते ‘विश्लेषण’, ही वाटणी आपणही मानून चाललो आहोत.

आपल्यातलाच एक गट याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. त्यांचं म्हणणं, हे सगळं नाटक आहे, दोन्हीकडचे सत्ताधारी निवडणुकांसाठी आणि शस्त्रखरेदीसाठी तापवतात, आपण लक्षच देऊ नये. शस्त्रांच्या व्यापाराबद्दल मला त्यांच्याशी वाद नाही. पण ‘सगळं नाटक’ हे म्हणणं ‘सगळं युद्ध’ म्हणण्याइतकंच आळशी आहे. ७ ते १० मे च्या चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळे घरांवर पडले, मुलं मेली, बाया मेल्या. त्या नाटकात मेल्या नाहीत. आणि सीमेपलीकडेही कुणाची तरी घरं होती. लक्ष न देणं ही चैन आहे. ती पूंछच्या बाईला परवडत नाही, आणि चाकणच्या ठेका कामगार बाईलाही नाही, कारण तिच्या ठेकेदाराचं लक्ष अगदी बारीक असतं.

इतकं असूनही खात्री कधीच मिळत नाही, हेही बोलून ठेवलं पाहिजे. ताकद दिसते, हेतू दिसत नाही. आणि फसवणारा चुलीचाही देखावा करू शकतो. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नाही. चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या, सुट्ट्या रद्द, जखमींची सोय, बायकामुलांची हलवाहलव, ठरलेल्या दिवशी फौजा परत न जाणं, तर समजावं की प्रकरण गंभीर आहे. नुसत्या तोफा आणि भाषणं असतील तर दम धरावा. दम धरणं हेही काम आहे. १९८७ मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या भीतीला भीतीनेच उत्तर दिलं, म्हणूनच ते युद्धाच्या दारापर्यंत पोचले. कुरुळीत पिठाचा डबा भरून ठेवणं आणि पंजाबात सैन्य उतरवणं यांत आकाराचा फरक आहे, घाबरण्याची रीत तीच आहे.

आणि शेजारी म्हणजे फक्त ते नव्हेत. ३० ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या तिन्ही दलांचा ‘त्रिशूल’ सराव कच्छ-राजस्थानच्या बाजूला झाला, त्यात पुण्यात मुख्यालय असलेलं दक्षिण कमान होतं. पाकिस्ताननेही लगेच आपल्या आकाशातले काही मार्ग बंद ठेवण्याची सूचना काढली. कराचीच्या कोरंगी औद्योगिक वसाहतीत शिवणकामाच्या कारखान्यांतून हजारो बायका कामाला आहेत. आपल्या त्या सरावाच्या बातम्या त्यांनीही पाहिल्या असतील, आणि त्यांच्याही सुपरवायझरला त्या आठवड्यात देशभक्ती सुचली असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता ‘आत्ता वेळ नाही’ या वाक्याकडे येते. राष्ट्रावर खरोखर संकट असेल तर मोर्चा पुढे ढकलायला माझी हरकत नाही. चार दिवस खऱ्या संकटाचे होते हे मी मान्य करते. पण मोर्चा ५ तारखेला रद्द झाला, टीव्हीकडे पाहून. १० मे ला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. त्यानंतर मोर्चाची नवी तारीख जूनमध्ये नाही, जुलैमध्ये नाही. कारखाने एक शिफ्टही थांबले नव्हते, उत्पादन ‘देशासाठी’ चालू होतं, फक्त बायकांच्या मागण्या ‘देशासाठी’ थांबल्या. ज्या संकटात नफ्याला सुट्टी नाही आणि पगाराला आहे, त्या संकटाची तपासणी करायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणि ज्यासाठी ही सगळी यादी, त्या मॉक ड्रिलचं काय झालं? पुणे जिल्ह्यात ते विधान भवन, तळेगाव दाभाडे नगरपरिषद आणि मुळशी पंचायत समिती इथे झालं. भोंगा वाजला, स्ट्रेचर आले, फोटो निघाले. आमच्या खोल्यांच्या लायनींत कुणी आलं नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने भोंगा वाजल्यावर कुठे जायचं? दुसऱ्या शिफ्टच्या मुली रात्री अकरानंतर सुटतात. त्या वेळी ब्लॅकआऊट केला तर पुणे-नाशिक रस्त्यापासून आतल्या वस्तीपर्यंत काळोखात त्या कशा चालत येणार? बसमधून मध्येच उतरवल्या गेल्या तर? केमिकलचं काम चालणाऱ्या शेडमध्ये असताना भोंगा झाला तर लायन सोडायची परवानगी कोण देणार, ठेकेदार की कंपनी? बाहेरच्या राज्यातून आलेल्या, मराठी न कळणाऱ्या मुलींना सूचना कुठल्या भाषेत? गरोदर बाईला, पाळणाघरातल्या मुलांना कोण नेणार? नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ सालचा आहे. त्यात स्वयंसेवकांची नेमणूक आहे, प्रशिक्षण आहे. वस्तीतल्या किती बायकांची नावं त्या यादीत आहेत?

हे प्रश्न घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना आणि महापालिका आयुक्तांना द्यायच्या पत्राचा मसुदा आम्ही सातजणींनी तयार केला आहे. त्याच्याच जोडीला खासदारांसाठी दुसरं, छोटं पत्र आहे: १९९१ आणि १९९६ च्या करारांप्रमाणे शेजारी देशाकडून सरावाची आगाऊ सूचना आली होती की नाही, एवढं तरी सराव संपल्यावर लोकांना सांगा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने सगळे द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क राखून ठेवल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून तर हे विचारणं जास्तच गरजेचं आहे. दोन्ही पत्रं अंकाबरोबर तालुका गटांना पाठवतो आहोत. आपापल्या वस्तीचे प्रश्न त्यात भरा, सह्या घ्या. आणि ठेका कामगार बायकांच्या मोर्चाची तारीख त्याच बैठकीत ठरवा. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे अजून खात्यात आलेले नाहीत.